चिठ्ठ्या काढून टाका

"आत चिठ्ठीबिठ्ठी सापडली तर काढून टाका हं काकू," असं त्या मुलानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. २०१९चा ऑगस्ट, सांगली. पाणी ओसरून चार-पाच दिवस झाले असतील. एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, एरवी जिथे पंक्ती उठतात तिथे, कपड्यांचा डोंगर पडला होता आणि आम्ही आठ-दहा बायका त्याच्या पायथ्याशी बसकण मारून वर्गवारी करत होतो. साड्या इकडे, गाऊन तिकडे, लहान मुलांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. भिंतींना छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. ओल, फिनाईल आणि कुणाच्या तरी कपाटातल्या डांबरगोळ्या असा मिळून एक वास सगळीकडे भरून राहिला होता. तो पुढे कितीतरी दिवस माझ्या नाकातून गेला नाही. डोंगरातून काय काय निघत होतं! जरीची शेरवानी. एकाच पायाचा बूट. चेन तुटलेल्या जीन्स. कुणाच्या तरी गॅदरिंगचा परीचा फ्रॉक, पंखांसकट. चिठ्ठ्यांचा नियमही उगाच नव्हता. काही पोत्यांत कपड्यांच्या घडीघडीत हसऱ्या फोटोंची कार्डं घातलेली होती, येत्या निवडणुकीवर डोळा ठेवून. ती पूरग्रस्तांच्या हातात पडू नयेत, एवढंच त्या मुलाचं म्हणणं होतं, आणि ते मला शंभर टक्के पटलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात एक नारायणपेठ आली. मोतिया रंगाची, मऊ पडलेली, पण इस्त्री केलेली. बाकीच्या ढिगात ती इस्त्री डोळ्यांत भरत होती. घडी उलगडली तर आत कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली चिठ्ठी. अक्षर वयस्कर, टोकदार, रेघ सोडून खाली घसरत जाणारं. 'साडी वापरलेली आहे पण विरलेली नाही. आतल्या टोकाला रफू आहे, ते खोचलं जातं, दिसत नाही. ब्लाऊजपीस जोडला आहे.' बस. नाव नाही, गाव नाही, आशीर्वाद नाही. मी ती वाचली, नियमाप्रमाणे चुरगाळली, कचऱ्याच्या पोत्यात टाकली आणि साडी साड्यांत ठेवली.

रात्री झोप लागेना.

आता यात झोप उडण्यासारखं काही नव्हतं, हे मलाही कळतं. आणि मी काही चिठ्ठ्यांवर विरघळणारी बाई नाही. बावीस वर्षं एका बँकेत पेन्शनच्या टेबलावर काढली आहेत. मी कागदाची माणूस. साताऱ्याकडची आमची शाखा, म्हणजे फौजेतल्या पेन्शनरांची गर्दी. नोव्हेंबर उजाडला की हयातीच्या दाखल्यासाठी सकाळी आठपासून पायऱ्यांवर माणसं. शिपायाच्या सर्व्हिस रेकॉर्डात बायकोचं नाव हौसाबाई, आधारवर हौसाताई, रेशनकार्डावर नुसतंच हौसा. आणि समोर उभी ती नऊवारीतली म्हातारी, जिवंत, धापा टाकत, 'बाय, तेवढं बघा की' म्हणणारी. तिच्याबद्दल माझ्या मनात किती कणव आहे याच्याशी तिच्या पेन्शनला काही घेणंदेणं नव्हतं. तिला हवं होतं ते एक प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि वरच्या ऑफिसला जाणारं माझ्या सहीचं पत्र. दया मनात ठेवावी आणि फॉर्म नीट भरावा, असं मी नव्या पोरांना सांगत असे. त्यामुळे तिथे सांगलीत एका चिठ्ठीनं मला का टोचावं, ते माझं मलाच उमगत नव्हतं. मग ते मागे पडलं. पडतंच.

ते पुन्हा वर आलं सात समुद्रापलीकडे, एका पिठाच्या पोत्यापाशी. लेक सॅक्रामेंटोला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा एका शनिवारी जावयांनी सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून रीनोला नेलं. तिथल्या ऐतिहासिक संस्थेच्या संग्रहालयात एक जुनं, पिवळट कापडी पोतं जपून ठेवलेलं आहे. ५० पौंड पिठाचं, म्हणजे आपल्या हिशेबात २२-२३ किलो. मी आधी हसलेच. आपल्याकडे शिवकालीन तलवारी धूळ खात पडतात आणि हे लोक पिठाचं पोतं जपतात! पण त्याची गोष्ट वाचली आणि तिथेच बाकावर बसले.

१८६४चा एप्रिल. अमेरिकेत यादवी सुरू होऊन तीन वर्षं झालेली. नेवाडातलं ऑस्टिन हे चांदीच्या खाणींचं नवंकोरं गाव. तिथे नगराध्यक्षाची निवडणूक झाली आणि र्‍यूएल ग्रिडली नावाचा किराणा दुकानदार पैज हरला. त्याचा डेमोक्रॅट उमेदवार पडला. हरेल त्यानं पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन गावातून चालत जायचं, असं ठरलेलं होतं. ग्रिडलीनं पोत्याला फिती आणि झेंडे लावले, बँड बोलावला आणि वाजतगाजत निघाला. पोचल्यावर आता या पिठाचं करायचं काय? कुणीतरी म्हणालं, लिलाव करू आणि पैसे सॅनिटरी फंडाला देऊ, आजारी-जखमी सैनिकांसाठी. पहिल्यानं बोली जिंकली, पैसे मोजले आणि पोतं परत दिलं: पुन्हा विका. दुसऱ्यानंही तेच केलं. मग तिसरा. दिवसभर एकच पोतं विकलं जात होतं आणि पीठ तसंच. ग्रिडली ते घेऊन गावोगाव हिंडला. गोल्ड हिल, व्हर्जिनिया सिटी, सॅक्रामेंटो, सॅन फ्रान्सिस्को, मग पार पूर्वेकडे. सगळी मिळून जमलेली रक्कम अडीच लाख डॉलरच्या घरात गेली असं सांगतात.

आपल्याला हे नवं नाही. माझं माहेर सावंतवाडीकडचं. देवळात पावणी होते ती लहानपणापासून पाहिलेली. देवापुढे आलेला फणस, केळ्यांचा घड, देवीची साडी, सगळ्याचा पुकारा व्हायचा. पाच रुपयांचा नारळ पन्नासाला जायचा आणि घेणाऱ्याचा चेहरा स्वस्तात मिळाल्यासारखा. बाबा एकदा एका भोपळ्यासाठी इरेला पेटले होते, आईनं मागून सदरा ओढेपर्यंत. तो भोपळा घरी आणून आम्ही खाल्ला तरी. ऑस्टिनच्या लोकांनी पीठ खाल्लंच नाही. बोलीची गंमत हीच असते की वस्तू निमित्ताला असते. चारचौघांत आपला आवाज चढवून म्हणायचं असतं, मी देतो. आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो आजारी शिपाई हजारो मैलांवर कुठल्यातरी तंबूत हगवणीनं निपचित पडलेला असतो. त्याला बँडचा आवाज ऐकू येत नाही.

ग्रिडली स्वतः पुढे खालावला. तब्येत गेली, धंदाही गेला आणि १८७० मध्ये तो गरिबीत वारला. हे वाक्य मी पाटीवर दोनदा वाचलं.

त्या हिवाळ्यात लेकीच्या घरी, बाहेर पाऊस आणि मला गाडी चालवता येत नाही अशा अवस्थेत, ज्याच्या फंडासाठी ते पोतं विकलं गेलं त्या सॅनिटरी कमिशनच्या मी मागेच लागले. जुनी कागदपत्रं, अहवाल, पत्रकं, सगळं ऑनलाइन आहे. पेन्शनच्या टेबलावरच्या बाईला अहवाल वाचायचा कंटाळा नसतो. १८६१च्या जूनमध्ये हे कमिशन उभं राहिलं. सरकारमान्य, पण सरकारी नव्हे, पैसा लोकांचा. त्याआधी एप्रिलमध्येच न्यूयॉर्कला बायकांनी आपली मध्यवर्ती संस्था काढली होती, त्यात डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल होत्या. त्या युद्धात जेवढे सैनिक मेले त्यांतले दोन-तृतीयांशांच्या आसपास गोळीनं नव्हे, रोगांनी मेले. हगवण, विषमज्वर, गोवर, हिवताप. खेड्यातली धडधाकट पोरं छावणीत येऊन गोवरानं जायची. त्यामुळे मदत लागत होती ती तलवारी-झेंड्यांची नव्हे. चादरी, सदरे, बटाटे, शौचखड्डे कुठे खणायचे याची अक्कल, असल्या गोष्टींची.

आणि सुरुवातीला लोक काय पाठवत होते? इथे मला सांगलीचा तो परीचा फ्रॉक आठवला. पहिल्याच उन्हाळ्यात गावोगावच्या बायकांनी हजारोंनी 'हॅवलॉक' शिवले. म्हणजे टोपीवर चढवायचं पांढरं कापड, मागे मानेवर रुळणारा पदर असलेलं. नाव ओळखीचं वाटतंय ना? तोच तो १८५७चा, कानपूर-लखनौचा जनरल हॅवलॉक. आपल्याकडच्या उन्हात गोऱ्या सोजिरांच्या मानांना जे लागलं ते मॅसॅच्युसेट्सच्या पोरांनाही लागेलच, अशी समजूत. पोरांनी त्या हॅवलॉकांतून कॉफी गाळली आणि भांडी पुसली. घराघरांत म्हाताऱ्या आणि शाळकरी मुली जुनं लिनन खरवडून जखमांत भरायचे धागे काढत बसायच्या; जखमा जंतूंनी चिघळतात हे तेव्हा कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, आणि त्या धाग्यांनी जखमांचं भलं झालं असेल असं आज कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. थेट आपल्या पोराच्या पलटणीला म्हणून पाठवलेल्या खोक्यांत भाजलेली कोंबडी सडायची, जॅमच्या बरण्या फुटून लोकरी मोज्यांवर सांडायच्या. पलटण पुढे निघून गेलेली असायची आणि खोकी स्टेशनात वास मारत पडलेली.

मग कमिशननं शिस्त लावली. थेट पाठवू नका, आमच्याकडे द्या. आम्ही उघडू, निवडू, एका खोक्यात एकच जिन्नस भरू, प्रत्येक कपड्यावर शाईनं कमिशनचा शिक्का मारू आणि जिथे गरज तिथे पाठवू. तुमचा मुलगा, तुमचं गाव, तुमची पलटण हे विसरा. सैनिक म्हणजे सैनिक. हे वाचताना मी मान डोलावत होते. बरोबरच आहे! याच्याशिवाय काम होतच नाही. पण बायका कुरकुरल्या. आम्ही आमच्या पोरांसाठी विणलं, ते ओहायोच्या कुणाला का म्हणून? शिवाय अफवा. कमिशनवाले माल विकतात, जॅम सर्जनच खातात, ब्रँडी तर वाटेतच संपते. मुळीच काही झालं नसेल असं नाही. पण एखाद्या डॉक्टरनं एखादी बरणी लाटली की ती गावोगाव हजार बरण्या होऊन पोचायची. सांगलीतही रोज कुणीतरी विचारायचं, 'पण पोचतं का हो खरं?' विचारणाऱ्यानं तोवर काही दिलेलं असायचंच असं नाही.

शिकागोत ही खोकी उघडण्याची जागा एका नाटकगृहाच्या खाली होती. तिथलं काम मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघी बघायच्या. लिव्हरमोरनं त्या खोलीच्या वासाचं वर्णन करून ठेवलंय. आंबवलेली कोबी, लोणचं, कांदे, खारवलेले मासे, बिअर, रॉकेल, टर्पेंटाईन, नवी पुस्तकं आणि कोरं कापड, सगळं एकत्र. मला ती खोली तत्काळ ओळखीची वाटली. कांद्याचं तर मोठंच प्रकरण आहे. १८६३ मध्ये उत्तरेच्या जनरल ग्रँटची फौज व्हिक्सबर्गपाशी अडकलेली असताना सैनिकांत स्कर्व्ही दिसू लागला. खारं मांस आणि कडक बिस्किटं खाऊन हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा नव्यानं उघडायच्या. उपाय एकच, ताजी भाजी. लिव्हरमोर-होग जोडीनं सगळ्या वायव्येला, म्हणजे शिकागोभोवतीच्या राज्यांना, कांदे आणि बटाटे मागायला सुरुवात केली. प्रियकराला प्रेमपत्र पाठवू नका, कांदा पाठवा, अशी तेव्हाची घोषणा होती. लासलगावच्या माणसाला यात काव्य दिसणार नाही आणि तेच तर बरोबर आहे. शाळेची पोरं परसात सैनिकांसाठी म्हणून वाफे करू लागली, गाड्या भरभरून कांदे दक्षिणेला गेले. या दोघींनी १८६३च्या ऑक्टोबरात शिकागोला मोठी जत्रा भरवली. उद्घाटनाला शेतकऱ्यांच्या शंभरेक गाड्या भाज्या लादून रांगेनं शहरात शिरल्या. लिंकननं गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा स्वतःच्या हातचा मसुदा विकायला दिला, तो ३,००० डॉलरला गेला. (पुढे शिकागोच्या १८७१च्या आगीत जळाला, बिचारा.) पाऊण लाख डॉलरहून जास्त जमवणाऱ्या या बायका जागा अपुरी पडते म्हणून जादा मंडप बांधायला ठेकेदाराकडे गेल्या, तेव्हा तो म्हणाला, तुमच्या नवऱ्यांच्या सह्या आणा. विवाहित बाईच्या सहीला कायद्यानं किंमत नव्हती. त्या वेळी त्या दोघींच्या तोंडावर काय आलं असेल ते लिहायला मला शब्दकोश लागत नाही. माझ्या टेबलासमोर रोज तो चेहरा उभा असायचा.

आणि त्या खोक्यांत चिठ्ठ्या सापडायच्या.

हे मला ठाऊक नव्हतं. अहवालात जिन्नसांचे आकडे चाललेले असतात, इतके सदरे, इतक्या उशा, इतकी लोकरी मोज्यांची जोडं, आणि मध्येच कुणीतरी कारकुनाला न शोभणाऱ्या हळवेपणानं काही चिठ्ठ्या उतरवून ठेवलेल्या. एका गोधडीला टाचलेली: माझा मुलगा फौजेत आहे, सहा दिवस आणि जवळजवळ सहा रात्री बसून ही शिवलीय, ज्याला हिची ऊब मिळेल त्यानं आपल्या आईची माया आठवावी. मोज्यांच्या जोडात: पाच वर्षांच्या मुलीनं विणलेत, ती अजून विणणार आहे. एका ब्लँकेटला: त्र्याण्णव वर्षांच्या म्हातारीनं हे डोंगर चढून-उतरून दीड मैल उचलून आणलंय. आणि एक उशी होती. माझा लहानगा हिच्यावर डोकं ठेवून गेला, मला ही जिवापाड आहे, पण सैनिकांना देते. मी लॅपटॉप मिटला. स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहा ठेवला.

आमच्या आजीच्या गोधडीत आजोबांचं धोतर आहे, आत्याच्या मुंजवयातलं परकराचं कापड आहे, कुणाच्या बाळंतपणातलं लुगडं आहे. कुठला तुकडा कुणाचा हे आजी बोटानं सांगायची. ती गेल्यावर ती माहिती गेली आणि आता ती नुसती गोधडी आहे, ऊबदार, पण नुसती. त्या अमेरिकन बायांना हेच नको असणार. कमिशननं शिक्का मारून नाव पुसायचं म्हटलं, ते त्यांनी ऐकलंही. आपल्या पोरासाठी हा हट्ट सोडला, कुणाच्या का पोरासाठी असेना म्हणून माल दिला. पण घडीत चिठ्ठी सरकवली.

मग मी स्वतःशीच वाद घालत बसले, कारण माझ्या बाजूचाही पुरावा त्याच अहवालांत होता आणि तो कमी भारी नव्हता. १८६१च्या ऑगस्टमध्ये फ्रेडरिक नॅप नावाचा कमिशनचा माणूस वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गेला, तर नुकत्याच उतरलेल्या पलटणीनं मागे टाकलेले आजारी शिपाई उघड्या फरशीवर पडलेले. इस्पितळानं घ्यायला कागद नाहीत, पलटण पुढे गेली, खिशात दमडी नाही. यातून 'विशेष मदत' नावाचा विभाग निघाला. आधी चहा-पाव आणि झोपायला जागा. पण थोड्याच दिवसांत कळलं की या माणसांचं खरं दुखणं कागदाचं आहे. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर, तोही महिनोन्महिने यायचा नाही. इस्पितळात पडलेल्याला पगार हवा तर त्याचं वर्णनपत्रक लागायचं: नाव, उंची, डोळ्यांचा रंग, भरतीची तारीख, किती पगार दिला, कपड्यांचे किती कापले. ते असायचं कप्तानाच्या पेटीत आणि कप्तान शंभर मैलांवर चिखलात, किंवा मेलेला. ते येईतो पैसा नाही. आजारपणामुळे नाव कमी करून घरी जायला निघालेला माणूस कागदावरच्या एका चुकीच्या तारखेपायी राजधानीच्या रस्त्यांवर भीक मागण्याच्या अवस्थेत फिरायचा. बाहेर दलाल टपलेले: तुझी थकबाकी आम्हाला लिहून दे, निम्मे आत्ता रोख घे. कमिशनच्या माणसांनी हे सगळं फुकट करायचं काम अंगावर घेतलं. दाखले दुरुस्त करून आणायचे, थकलेला पगार मिळवून द्यायचा, पेन्शनचे अर्ज भरायचे, तिकीट काढून गाडीत बसवून द्यायचं. आणि एक नोंदवही उघडली. कुठल्या इस्पितळात कोण आहे, आला कधी, गेला कधी, की मेला. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, लुइव्हिल. सहा लाखांहून अधिक नावं. गावाकडून आईचं पत्र यायचं, माझ्या मुलाचं तीन महिने काही कळलं नाही. तर कुणीतरी कारकून वही चाळायचा आणि उत्तर लिहायचा. या कारकुनांची नावं कुणाला माहीत नाहीत, आणि त्यांचा कुणी बँड लावून लिलावही केला नाही.

मला त्यांच्याबद्दल नात्यातल्या माणसांसारखं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्याच वॉशिंग्टनात, त्याच सुमारास, ब्रुकलिनहून जखमी भावाला शोधायला आलेला एक दाढीवाला कवी, वॉल्ट व्हिटमन, राहून गेला होता, आणि त्याला हे कमिशनवाले अजिबात आवडत नसत. पगारी माणसं, कोरडी, असं त्याचं मत. तो स्वतः पोट भरायला पगारवाटप अधिकाऱ्याच्या कचेरीत दिवसाला काही तास नकलनवीस म्हणून बसायचा. उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर ती कचेरी; फाटके, पांढरेफटक शिपाई कसेबसे जिने चढून यायचे आणि पगार नाही म्हणून पुन्हा उतरून जायचे. दुपारी तो खांद्याला झोळी अडकवून इस्पितळांच्या फेऱ्या करी. झोळीत संत्री, तंबाखू, लिहायचे कागद, तिकिटं लावलेली पाकिटं, सरबताची बाटली. कुणाला काय हवं ते वहीत टिपून ठेवायचा. अमक्या खाटेला गोड बिस्किटं, तमक्याला पत्र लिहून द्यायचंय. एका उन्हाळ्यात अख्ख्या इस्पितळाला आइस्क्रीम वाटलं. खेड्यातल्या कित्येक पोरांनी ते पहिल्यांदाच चाखलेलं. पैसा त्याचा नव्हेच, बोस्टन, ब्रुकलिन, प्रॉव्हिडन्सच्या ओळखीपाळखीच्या लोकांनी पाठवलेला. आणि तो पोरांना पाच-दहा सेंटच्या छोट्या नोटा द्यायचा, मुद्दाम कोऱ्या करकरीत आणलेल्या. दहा सेंटनं काय होतं? कपभर दूध विकत घेता येतं, किंवा नुसतं उशाशी ठेवता येतं. ज्याच्या खिशात चार महिने काही नाही त्याला कुणासमोर हात न पसरता काहीतरी घेता येणं. आमच्याकडे भाऊबिजेला बँकेत कोऱ्या नोटांसाठी झुंबड उडायची तेव्हा मी वैतागायचे. दहाची मळकी नोट आणि दहाची कोरी नोट, किंमत तीच ना? माझ्यातल्या कॅशियरचा आता तरी यावर विश्वास बसलाय असं म्हणवत नाही. पण गप्प झालाय.

घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं की प्रकरण आणखी अवघड होतं. काळ्या सैनिकांना १३ नव्हे, १० डॉलर ठरले, त्यातलेही ३ कपड्यांचे कापून हातात ७. भरती करताना सांगितलं होतं वेगळंच. मॅसॅच्युसेट्सची ५४वी पलटण यावर म्हणाली, मग आम्ही काहीच घेत नाही. एकही डॉलर नाही. राज्याच्या विधिमंडळाला लाज वाटली आणि त्यांनी ठराव केला, उरलेला फरक आम्ही भरून देऊ. तोही त्यांनी नाकारला. घरी बायका-पोरं उपाशी, इकडे माणसं मरतायत, आणि तरी नाही. मजुरी ती मजुरी, ती पुरी द्या, वर घातलेली भर आम्हाला नको. अठरा महिने असे काढले. १८६४च्या जूनमध्ये काँग्रेसनं समान पगार मान्य केला. माझ्या टेबलासमोर एकदा एका सुभेदाराच्या विधवेला आमच्या एका कनवाळू सहकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये देऊ केले होते, पेन्शन अडकलंय तोवर राहू देत म्हणून. तिनं ते टेबलावरच ठेवले. 'माझं मला द्या,' एवढंच म्हणाली. त्याला राग आला होता. मला त्या वेळी ती हेकट वाटली होती.

एक गोष्ट राहिलीच. या युद्धाचं आपल्याकडे काय नातं, तर कापूस. दक्षिणेची बंदरं कोंडली गेली, लँकेशायरच्या गिरण्या अडल्या आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पाऊस, शेअरांचं वेड. ज्या १८६४ मध्ये ग्रिडली पोतं खांद्यावर घेऊन निघाला त्याच वर्षी प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. पुढल्या एप्रिलात तिकडे युद्ध संपलं, जुलैत इकडे बाजार कोसळला. राजाबाई टॉवरखालून कॉलेजची तीन वर्षं गेले मी, तो प्रेमचंदांच्या आईच्या नावचा आहे हे माहीत होतं. त्याच्या पायात हगवणीनं मेलेल्या पोरांचं युद्ध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर फार काही म्हणायचं नाही. दान कुठल्या पैशातून येतं हा वेगळाच विषय आहे आणि त्यात शिरलं की परतीची वाट सापडत नाही.

तर ती चिठ्ठी. मी खूप विचार करून पाहिला की तिनं ती कशासाठी लिहिली असेल. आशीर्वाद द्यायला नाही, नाव सांगायलाही नाही. रफू आहे, पण दिसत नाही. म्हणजे साडी घेणाऱ्या बाईनं ती नेसून पाच जणांत उभं राहायचंय, हे तिच्या डोळ्यांपुढे होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं होऊ नये म्हणून आधीच कानात सांगून ठेवलेलं. आणि ब्लाऊजपीस जोडलाय हेही, नाहीतर तो घडीत राहून जायचा. ती चिठ्ठी माझ्या फॉर्मच्याच जातीची होती: नेमकी, उपयोगाची, एकही शब्द फालतू नाही. चिठ्ठी म्हटल्यावर मी ती नुसती वाचली, समजून घेतली नाही. ज्या बाईला ती साडी गेली तिनं बहुधा चुकीचं टोक पदराला घेतलं असेल आणि रफू सगळ्या गल्लीला दाखवलं असेल.

यंदा थंडीत सोसायटीत स्वेटर गोळा करत होते, ऊसतोड कामगारांच्या वस्तीसाठी. यजमानांचा राखाडी स्वेटर मी धुऊन ठेवला होता. ते गेल्यापासून तो तसाच होता. देताना एका कागदावर लिहिलं: 'डाव्या खिशाचं बटण सैल आहे, तेवढं ओवून घ्या. काखेत थोडा घट्ट आहे, दोन धुण्यांत सुटतो.' खाली 'वापरणारा' असं काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. चिठ्ठी खिशात घातली. खिशाला बाहेरून फुगवटा दिसायला लागला, म्हणून काढली, चार घड्या केल्या, परत घातली. खाली टेबलावर दोन मुली बसून वर्गवारी करत होत्या, वीस-बावीसच्या, चटपटीत. मी स्वेटर दिला तशी एकीनं सराईतपणे दोन्ही खिसे चाचपले.

मी जिन्याकडे वळले. लिफ्ट बंदच होती.